मन्मथअप्पांची हजेरी

हजेरी घेताना आठ नंबर झाला की मी जरा थांबते. मग नऊ नंबर म्हणते. माझ्या आताच्या वर्गाला ही खोड पाठ झाली आहे. नऊ नंबरची पोरगी तेवढ्या वेळात वेणी पुढे घेऊन ऐटीत बसते. तिला वाटतं, बाई आपल्या मानासाठी थांबतात. तिला खरं सांगायची माझी हिंमत नाही. खरं असं आहे, की आधीच्या गावातल्या माझ्या वर्गात नऊ नंबरला गिरिजा नावाची मुलगी होती आणि मन्मथअप्पा हे तिचे वडील. अप्पा गेल्या हिवाळ्यात वारले. पण सकाळचा परिपाठ संपून मी वही उघडली, की ते कुठून तरी येऊन समोर उभे राहतात. बोलत नाहीत, रागावत नाहीत. रागावले असते तर मी कधीच सुटले असते.

गावाचं नाव सांगत नाही. वालूरच्या बाजारातून दुकानाचा माल भरणारं एक गाव, एवढं पुरे. शाळा पाचवीपर्यंत, शिक्षक तीन. मी जूनमध्ये बदलीवर तिथे रुजू झाले, म्हणजे तिघांत सगळ्यात नवी मीच. शाळेच्या फाटकासमोर, जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता सोडून, अप्पांचं किराणा दुकान होतं. वर्गाच्या खिडकीतून मला त्यांचा गल्ला दिसायचा आणि त्यांना गल्ल्यावरून माझा फळा.

अप्पा पन्नाशी ओलांडलेले, उंच, खांद्यात किंचित वाकलेले. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही आणि दुकानाची फळी उघडणं नाही, मग बाहेर गिऱ्हाईक कितीही ताटकळो. गिरिजा त्यांना फार उशिरा झालेली, एकुलती एक. त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा त्यांना अप्पाच म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे पाव किलो शेंगदाणे घ्यायला गेले. मधली सुट्टी संपत आली होती, मी घाईत. अप्पांनी पारड्यात शेंगदाणे टाकले आणि हात मागे घेऊन नुसते बघत उभे राहिले.

"झालं की अप्पा, द्या," मी म्हटलं.

"काटा ठरू द्या, बाई."

"ठरला."

"न्हाई अजून."

आणि खरंच, काटा केसभर हलत होता. तो पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी पारड्याला बोट लावलं नाही. पुतण्यानं त्यांना विजेचा काटा आणून दिला होता, त्याच्यावर त्यांनी फडकं टाकून ठेवलं होतं. "त्यो लय जल्दी बोलतो," म्हणाले. मी शाळेत येऊन दोघा सहकाऱ्यांना त्यांची नक्कल करून दाखवली. मला नकला चांगल्या जमतात. तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

दुसरी खोड कागदांची. पुडी बांधायचा रद्दी कागद ते आधी वाचून बघायचे. त्यात काही कामाचं सापडलं, की तो कागद घडी करून गल्ल्याच्या खणात जायचा आणि गुळासाठी दुसरा कागद निघायचा. शिक्षण सातवीपर्यंत, पण मोसंबीवरच्या रोगापासून समुद्रातल्या ज्वालामुखीपर्यंत त्यांना बरंच माहीत असायचं. सगळं अर्धंअर्धं, कारण पानाचा पुढचा तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी साखरेबरोबर गेलेला असायचा.

आणि तिसरी गोष्ट, जिचा मला तेव्हा सगळ्यात राग यायचा. समोरच्याचं वाक्य ते कधी पूर्ण करत नसत. मी समोरच्याचं वाक्य पूर्ण करणारी बाई. समोरच्यानं "बाई, मला जरा" म्हटलं, की मी "पाणी प्यायचंय, जा" म्हणून मोकळी. अप्पांच्या दुकानात म्हातारी माणसं काय घ्यायला आलो तेच विसरायची, मीठ का हळद, आणि अप्पा शांतपणे त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. "सावकाश," एवढंच म्हणायचे. मीठ असेल का हळद, हे ते सुचवायचेसुद्धा नाहीत. ही सवय त्यांना कुठून लागली, हे मला पुढे कळलं. घरात वाक्य सुरू करून अडकणारं एक लेकरू होतं.

आता माझं सांगते. चौथी-पाचवी एकत्र माझ्याकडे होती. मुलं बुजरी होती, माना हलवून हजेरी द्यायची. मी नियम केला, मान हलवलेली चालणार नाही, तोंडानं खणखणीत "हजर बाई" म्हणायचं. मुलं धीट व्हावीत असा माझा हेतू होता, आणि तो वाईट नव्हता. आठवडाभरात वर्ग दणाणून उठायला लागला. फक्त नऊ नंबर आला की वर्ग गप्प व्हायचा. गिरिजा उभी राहायची, ओठ उघडायची, मानेच्या शिरा ताणल्या जायच्या आणि आवाज यायचा नाही. मागून कुणीतरी खुदखुदायचं.

मी चार-पाच वेळा ओरडून बघितलं. तिसऱ्याच दिवशी मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, मला सांगितलं होतं की त्या लेकराची जीभ अडखळते, आधीचे गुरुजी नुसतं तिच्याकडे बघून हजेरी लावायचे. मी म्हटलं, म्हणूनच ती तशी राहिली. मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगू शकत नाही. मला माहीत होतं. श्रावणातल्या एका सकाळी मी म्हटलं, "उत्तर नाही ना? मग तू आलीच नाहीस," आणि तिच्या नावापुढे लाल शाईनं गैरहजेरीची खूण केली. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी नऊ नंबर म्हणायच्या आतच चार पोरं ओरडली, "गिरिजा गैरहजर." मीही हसले. हे लिहिताना हात अडतो, पण हसले.

असे अकरा दिवस मी समोर बसलेल्या मुलीला गैरहजर लावलं. दोन दिवसांत घाबरून बोलेल, अशी माझी समजूत होती. तिकडे पोरांनी त्याचा खेळ केला होता, ते मला दिसलं नाही. गिरिजा आलीच नाही असं सगळ्यांनी धरून चालायचं. तिच्या जागेवर दप्तर ठेवायचं. ती पट्टीवर बसलेली असली तर तिच्या अंगावरून ओलांडून जायचं. लंगडीत तिनं कुणाला शिवलं तरी तो बाद नाही, कारण शिवायला कुणी नव्हतंच. अकरा दिवस ती मुलगी त्या वर्गात अशी बसली, आणि घरीही बोलायची थांबली.

पोळा झाला आणि पालकांची सभा झाली. मी वहीतून गैरहजेऱ्या वाचल्या. "गिरिजा मन्मथअप्पा, अकरा दिवस."

अप्पा मागच्या भिंतीशी बसले होते. उठून म्हणाले, "बाई, ती तर रोज येती. माझ्या दुकानाम्होरूनच येती."

"येते, पण हजेरीला उत्तर देत नाही."

ते पुढे आले, वही मागितली आणि गिरिजाच्या ओळीवरून एकेका चौकोनावर बोट ठेवत गेले. अख्खी सभा खोळंबली. मग त्यांनी मान वर केली.

"या दिवसांत वर्गात होती का न्हवती, बाई?"

"होती, पण..."

ते थांबले. मी पुढे काय म्हणते याची त्यांनी वाट बघितली, नेहमी बघायचे तशीच. त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "बरं," म्हणाले, आणि जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या सरांकडे दाखला मागायला आले. मी शेजारच्या टेबलाशी होते.

"मधीच दाखला? कुठल्या शाळेत घालणार?" सरांनी विचारलं.

"कुठल्याच न्हाई. घरी शिकवतो."

"घरी कोण शिकवणार? तुम्ही काय मास्तर आहात का, अप्पा?"

"मास्तर न्हाई, सर. पण मला फुरसत हाय."

सरांनी दाखला दिला नाही. नंतर बघू, म्हणाले, आणि ते नंतर कधी आलं नाही. त्याचं कारण साधं होतं. सप्टेंबरअखेर पट मोजला जातो, आमचा पट अगदी काठावर होता, आणि एक नाव कमी झालं की तिसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती. तिसरी मी. माझी मुलगी तेव्हा परभणीला दहावीत होती, नवरा तिथेच नोकरीला. जागा गेली असती तर मला कुठे फेकलं असतं कोण जाणे. सर म्हणाले, "नाव पटावर राहू द्या. तुम्ही हजर मांडत जा." मी मांडत गेले. होती तेव्हा गैरहजर लावलं आणि नव्हती तेव्हा हजर. एकाच ओळीत, एकाच हातानं.

नाव घ्यायची गरज नव्हती, नुसती खूण करायची. पण तोंडाला सवय असते. आठनंतर नऊ निघून गेलं, आणि वर्गातून आवाज आला, "हजर बाई." मी चरकून वर बघितलं. तिची जागा रिकामी होती आणि सगळी पोरं वह्यांत डोकी घालून बसली होती. कोण बोललं म्हणून विचारलं, कुणी कबूल झालं नाही. बाईंना हेच पाहिजे असं कुणाला तरी वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी मी तोंड आवरलं, आठवरून दहावर गेले, तरी मधल्या जागेत बारीक आवाज आलाच, "हजर बाई." तो आवाज कुणाचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. अजूनही कधीकधी आठनंतर मला तो ऐकू येतो.

आणि त्याच वेळी रस्त्यापलीकडे दुसरी हजेरी सुरू असायची. आमचा परिपाठ संपला की अप्पा दुकानात पोत्यावर बसलेल्या गिरिजासमोर पाठ ताठ करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "गिरिजा." एकदाच. मग वाट बघायची. एक दिवस वर्गाला पाढे म्हणायला लावून मी काडेपेटी घ्यायला म्हणून मुद्दाम त्या वेळी गेले आणि खांबाआड थांबले. पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. त्यातल्या एकानं "अप्पा, साखर" म्हणायला तोंड उघडलं, तर शेजारच्या म्हातारीनं त्याच्या दंडाला धरलं. "गप रे. हजेरी चालू हाय."

मी घड्याळ बघितलं नाही, पण रस्त्यावरून एक ट्रॅक्टर येऊन गेला आणि त्याची धूळ खाली बसली, एवढा वेळ ते सगळे गप्प होते. कुणी तिच्याकडे टक लावून बघत नव्हतं. अप्पासुद्धा नाही, ते फळीवरच्या डब्यांकडे बघत होते. मग पोत्यावरून आलं, "ह... ह... हजर, अप्पा." अप्पा म्हणाले, "बसा." आणि साखरेकडे वळले. कुणी शाबास म्हटलं नाही, टाळ्या नाहीत. मी काडेपेटी न घेताच परत आले.

महिनाभरानं मधल्या सुट्टीत अप्पा शाळेच्या पायरीशी आले. चपला काढल्या, खालच्या पायरीवर बसले आणि पिशवीतून दोनशे पानी वही काढली. मला वाटलं, भांडण आता आलं.

"बाई, हे अपूर्णांक मला काई जमंनात. पाव, अर्धा, पाऊण माझ्या हातात हाय. पण हितं खालचा आकडा वाढला की माल कमी होतो, हे कसं काय?"

पाचवीचं पुस्तक ते आधी स्वतः करत होते आणि मग लेकीला शिकवत होते. जिथे अडले तिथे माझ्याकडे आले होते. गावात दुसरे दोन शिक्षक होते, पण पाचवीची बाई मी होते, तेव्हा विचारायचं मलाच, असा त्यांचा सरळ हिशोब. मी पायरीवर बसून भाकरीचे तुकडे काढून दाखवले. एक भाकरी चौघांत, तीच भाकरी आठांत. अप्पा बराच वेळ चित्राकडे बघत राहिले.

"म्हंजे खाली खाणारी तोंडं हायत," म्हणाले. "तोंडं वाढली की वाटा कमी. बराबर. मग हे आधीच का न्हाई सांगत पुस्तकात?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा ते यायचे. मी शिकवायची, ते शिकून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीतून मला माझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकू यायचं. त्यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. मी रोज तयारी करून जायची, आज विचारतील, आज बोलतील. ते विचारायचे परिमिती. शेवटी मीच म्हटलं, "अप्पा, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? शाळा सुटल्यावर मी येऊन शिकवत जाते तिला."

त्यांनी वही पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद सारखे केले. मग म्हणाले, "नको बाई. तुमचा आवाज आला की ती आत जाऊन बसती."

पोरांच्या खेळाचं, त्या ओलांडून जाण्याचं, त्यांनी तेव्हा सांगितलं. तिनं त्यांना ते तोंडी सांगितलं नव्हतं. पोत्यावर बसून पाटीवर एक-एक वाक्य लिहून दाखवलं होतं, चार दिवस. त्या पायरीवर मला रडू आलं, आणि अप्पा तेही संपेपर्यंत थांबले. समजूत घातली नाही आणि उठूनही गेले नाहीत.

त्यांना एकदाच चिडलेलं पाहिलं. संक्रांतीनंतर पट तपासायला वरचे साहेब येणार, असा निरोप आला. सर आणि मी दुकानात गेलो. गिरिजा आतल्या खोलीत होती. सर म्हणाले, "अप्पा, तासभर लेकराला वर्गात बसू द्या. डोकी मोजतील आणि जातील."

"तिचं डोकं कशाला मोजतील? तिचं नाव काढलं न्हाई का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं, पटाचं, माझ्या जागेचं, रोजच्या खुणेचं. अप्पांनी काट्यातली वजनं एकेक उचलून खाली ठेवली.

"होती तवा न्हाई लिव्हलं, आन् न्हाई तवा हाय लिव्हलं," म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माझ्या दुकानात असं माप कुणी केलं असतं तर गावानं दुकान पेटवलं असतं, सर. ती येणार न्हाई. साहेब माझ्याकडं आले तर मी खरं सांगन. आले न्हाईत तर मी सांगायला जाणार न्हाई. बाईचं लेकरू बी शिकायलंय, मला मालूम हाय."

मग माझ्याकडे वळले. "एक काम करा, बाई. तुमी मांडलेले हे सगळे दिवस तुमचे तुमी ठेवा, मला नकोत. ते अकरा दिवस तेवढे तिला द्या. ती मला रोज इचारती, अप्पा, मी होते का न्हवते. मी होती म्हणतो. ती म्हणती, मग वहीत का न्हाई. तेवढं बराबर करा. मी तिला हाताला धरून आणतो, वही दाखवतो, झालं."

"करते," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

साहेब आले, चहा घेतला, वही वरवर चाळून गेले, समोर बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांकडे वही नेली. दुरुस्ती करायची म्हणजे अकरा ठिकाणी लाल खूण काढायची, समासात कारण लिहायचं, खाली माझी सही आणि सरांची. कारण काय लिहिणार? सर म्हणाले, "बाई, त्या ओळीला हात लावू नका. एक खाडाखोड दिसली तर सगळी ओळ वाचली जाईल. पुढच्या महिन्यांसकट." खरं होतं ते. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात करू. मग मार्च आला, मग परीक्षा. गिरिजानं सरांच्या खोलीत एकटीनं बसून पेपर लिहिले, अप्पा बाहेर लिंबाखाली उभे. चांगले मार्क पडले. पाचवी संपली तसा दाखलाही मिळाला, त्यावर वर्षभराची हजेरी उत्तम. अप्पांनी तो वाचला, घडी केली. "ते झालं का, बाई?" म्हणाले. "करते," मी म्हटलं. त्या सुट्टीत माझी बदली झाली. वही त्या शाळेच्या कपाटात राहिली.

पुढचं एक वर्ष गिरिजा घरीच शिकली, असं कानावर यायचं. सहावीचं गणित अप्पांनी कुणाला विचारलं, मला माहीत नाही.

त्यानंतरच्या जूनमध्ये परभणीच्या बसस्थानकावर ते दिसले. मी प्रशिक्षण आटोपून घरी निघाले होते. अप्पा गंगाखेडच्या गाडीच्या फलाटावर होते, हातात पत्र्याची पेटी, शेजारी गिरिजा. ती माझ्या खांद्याला आली होती. मी खांबामागे सरकणार, तेवढ्यात अप्पांनी बघितलं. पेटी ठेवून हात जोडत आले. पार वाळले होते.

"जेवण झालं का, बाई? हिला मामाच्या गावी सोडायला जायलोय. सातवीला बसणार हाय शाळेत."

गिरिजा पेटीशीच उभी राहिली. अप्पांनी तिला खुणावलं, ती दोन पावलं आली, माझ्या पायांकडे बघत.

"लय भ्यायलीय," अप्पा म्हणाले. "म्हणती, शाळेत बसन, पण आधी तिथलं बराबर झालं का ते बाईला इचारा. तुमी भेटलात ते बरं झालं. ते अकरा दिवस, बाई. झालं ना ते?"

गाडी लागली होती. माणसं धक्के देत चढत होती. अप्पांचे डोळे माझ्यावर होते आणि त्या मुलीनं पहिल्यांदा मान वर केली होती.

"झालं," मी म्हटलं. "तेव्हाच केलं. अकराही दिवस. तू होतीस, गिरिजा, तसंच लिहिलंय."

तिचे ओठ हलले. मी तिचं वाक्य पूर्ण केलं नाही, एवढं तरी मी शिकले होते. "ख... ख... खरंच?"

"खरंच."

तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तिनं स्वतः पेटी उचलली आणि गाडीत चढली. अप्पा मागोमाग चढले, तिला खिडकीशी बसवलं, आणि पाण्याची बाटली भरायची राहिली असं काहीतरी सांगून पुन्हा खाली उतरले. नळाकडे गेले नाहीत. माझ्याजवळ आले, तिला पाठमोरे उभे राहिले.

"बाई, मागल्या महिन्यात मी शाळेत गेलतो. नव्या सरांनी वही काढून दाखवली. तसंच हाय ते."

मी काही बोलणार, तर त्यांनी हात वर केला. तेवढ्या एकदाच त्यांनी मला थांबवलं.

"तरी बी बरं केलंत, तसं म्हणलात ते. तुमच्या तोंडून पाहिजे होतं तिला. मी म्हणून उपेग न्हवता." टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. जन्मभर काटा ठरल्याशिवाय ज्यांनी छटाकभर माल कुणाला दिला नाही, त्या माणसानं माझं खोटं माप पदरात घेतलं होतं, आणि ते खोटं आहे हे माहीत असून, ते घ्यायलाच माझ्यासमोर आले होते. "आता तेवढं खरं करून ठेवा, बाई," म्हणाले.

कंडक्टरनं घंटी दिली. अप्पा दांडा धरून चढले. गाडी वळली तेव्हा खिडकीत गिरिजा दिसली, ती हात हलवत होती, आणि तिच्या पलीकडे अप्पांची टोपी. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

सात महिन्यांनी ते गेले. गिरिजा गंगाखेडला शाळेत जाते, आता आठवीला आहे, असं कळतं. ती वही ज्या शाळेच्या कपाटात आहे, ते गाव माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे. मी अजून गेलेले नाही.